खेकड्याची आंघोळ

पहिले एक कबूल करा, मंगच सांगीन. मार्कंड्याले कधी देवाले गेले, जत्रेले गेले, तरी खुशालच्या घरी ह्या गोठीतला एक शब्द काढाचा नाई. काढला, तर माह्या खानावळीत तुमाले पाणीसुदिक भेटणार नाई. मी तोंडाची फाटकी बाई आहो, साऱ्या कोरपन्याले माहीत आहे. पण ही एक गोठ मी इतके वर्स पोटात ठेवली. तुमी इथले नाई, उद्या बसनं निघून जाल, म्हणून तोंड मोकळं करून राह्यली.

माही खानावळ कारखान्याच्या मागच्या गेटासमोर. सिमेंटचा धुराळा इतका, का सकाळी झाकून ठेवलेल्या पातेल्याच्या झाकणावर दुपारी बोटानं नाव लिहाव. एरवी गिऱ्हाईक बेताचंच, पण शटडाउन लागला का मले पाठ टेकाले फुरसत नसे. शटडाउन म्हणजे भट्टी थंडी करून तिची मरम्मत कराचे दिवस. ही भट्टी म्हणजे तुमची विटाची भट्टी नोय. लोखंडाचा भलामोठा नळा, आडवा पाडलेला, आतून ट्रक जाईन एवढा. त्याले आतून विटायचं अस्तर असते. ते जळून खराब झालं का फोडाचं अन नवं बसवाचं.

हे फोडाचं काम पहिले माणसं करत. झिंगूची टोळी होती. आत धग राहे, तरी पायाले पोतं गुंडाळून जात, अन हातातल्या ब्रेकरनं डोक्यावरच्या विटा पाडत. वरची वीट कवा निसटन याचा काई भरोसा नाई. कोणाचा खांदा गेला, कोणाचं डोकं फुटलं, कोणी सरळ चादरीत बाहेर आला. त्यायले सकाळी मीच वाढलेलं राहे. संध्याकाळी एखांदं ताट उरलं का मी विचारतच नसो.

मंग नागपूरच्या एका ठेकेदारानं ते मशीन आणलं. नव्व्याण्णव सालची गोठ. साहेब लोक त्याले रोबोट म्हणत. चार पाय, मधात पेटीवानी पोट, अन समोर एकच लांब हात, त्याच्या टोकाले छिन्नी. माणूस बाहेर उभा राह्यते, गळ्यात डब्बा अडकवते, डब्ब्यावरचे दांडे हलवते, अन ते मशीन आत जाऊन विटा पाडते. वीट पडली तर त्याच्या लोखंडावर पडते. टोळीतल्या पोट्ट्यायनं पाह्यलं अन पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, खेकडा. तेच नाव राह्यलं.

ह्या खेकड्याचा मेकॅनिक म्हणजे खुशाल. मार्कंड्याचा ढिवराचा पोट्टा. बाप वैनगंगेत डोंगा चालवे, जाळं टाके. ह्यानं आयटीआय केली, नागपुरात दोन वर्स पोकलेनच्या खाली झोपून काढले, अन मंग ठेकेदारानं ह्या मशीनसंगं इकडं धाडून देलं. मशीन चालवणारा दुसरा होता. ह्याचं काम मशीनले जितं ठेवणं. विटायचा बुकना पिठावानी बारीक, तो सांध्या-सांध्यात जाऊन बसे. धगीनं रबर फाटे. तेलाचे पाइप घडीघडी उले. खुशाल पोतं अंथरून त्याच्या पोटाखाली शिरे अन घंटा-घंटा बाहेर येत नसे.

माणूस म्हणाल तर बडबड्या. केसाले तेल, खिशात कंगवा, अन भजन म्हणे तर बेसूर. जेवाले बसला का मशीनच्याच तक्रारी सांगे, जशी बाई सासूच्या सांगते. आज खेकड्यानं पाय उचलला नाई, आज खेकडा रुसला. मी म्हणो, अरे लेका, पहिले हात धू, माह्या टावेलाचं पोतेरं केलं तू. तो हासे अन त्याच टावेलाले हात पुसे. मले त्याचा राग येई, अन तो गावाले गेला का करमत बी नसे.

त्याची बायको प्रेमिला, तिचं माहेर बी मार्कंड्यालेच. तिची गोठ सांगल्याशिवाय पुढचं समजणार नाई. तिचा बाप ती लहान असतानाच गेला. मोठ्या भावानं, श्रावणनं, जाळं टाकून तिले पोसलं, अन उजवून बी देलं. पुढं मासोळीवर भागेना, तवा श्रावण इकडं आला अन झिंगूच्या टोळीत लागला. एका शटडाउनात वरून वीट आली ते खांद्यावर. हाड जुळलं, पण हात डोक्याच्या वर जात नसे. तरी पुढच्या शटडाउनले पुन्हा हजर. आत जाणाऱ्याची मजुरी चांगली, म्हणून.

खुशालनं मशीनसंगं आल्यावर पहिलं काम हे केलं, का ठेकेदाराच्या हातापाया पडून साळ्याले भट्टीच्या बाहेर काढलं. मशीनच्या मागं जाडजूड केबल राह्यते, ती ओढाची, सोडाची, त्याच्या पायाखाली येऊ द्याची नाई. ते काम श्रावणले भेटलं. मजुरी कमी, पण डोक्यावर आभाळ. श्रावण कुरकुर करे. म्हणे, भाटव्यानं मले शेपटी धराले ठेवलं. पण राह्यला.

प्रेमिला मात्र निवांत झाली. ती नवऱ्यासंगं कधीमधी इथी येई, माह्याच मागच्या खोलीत राहे, मले भाकरी थापू लागे. एक दिवस चुलीपाशी तिनं मले सांगतलं, का तिनं खुशालपासून वचन घेतलं आहे. मशीन बंद पडलं का साहेब लोक थांबत नाई, टोळीले आत घालतात. अन टोळी आत गेली का श्रावण बाहेर बसणारा माणूस नाई. म्हणून मशीन बंद पडू द्याचं नाई. एवढंच वचन. मी म्हटलं, माय, मशीन काय नवऱ्याच्या हातात राह्यते का? ते म्हणे, ह्यायच्याच हातात आहे. तिचा तेवढा भरोसा पाहून मले हासू आलं होतं. आता नाई येत.

चार वर्स असंच चाललं. मशीन दोनतीनदा अडलं, पण खुशालनं तासाभराच्या आत सुरू केलं. जेवण सोडून पळे. एकदा माह्या ताटातला वरणभात तसाच ठेवून पळाला तर मी त्याच्या मागं ओरडली होती. त्या चार वर्सात भट्टीतून एक बी माणूस चादरीत आला नाई.

मंग तो दसरा आला. पाऊस सरला होता, शटडाउन नेमका दसऱ्याच्या तोंडावर लागला. आता दसऱ्याले आपल्याकडं काय करतात तुमाले माहीत आहे. सायकल असो, ट्रॅक्टर असो, सकाळी धू-धू धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. कारखान्यात बी तेच. पण खुशाल खेकड्याले धुवू देत नसे. ओल्या फडक्यानं पुसे, कुंकवाचं एक बोट लावे, अन नारळ समोर दगडावर फोडाले लावे, अंगावर नाई. मशीनच्या पोटात एक पेटी होती, सारे तार तिथी येत. त्या पेटीच्या झाकणाचं रबर खाऊन गेलं होतं. नागपूरले सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं, पण नवं येईना. म्हणून त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावली होती.

त्या वर्सी प्रेमिला इथीच होती. पहिलटकरीण, सहावा सरून सातवा लागला होता. पहाटे उठली, डोक्यावरून न्हाली, हिरवं लुगडं नेसली, अन मले म्हणे, सुगंधाबाई, मले हळद द्या. मी म्हटलं, कायले? ते म्हणे, माहेरी दसऱ्याले माय डोंग्याले हळदीच्या पाण्यानं आंघोळ घाले. ज्यानं घरची माणसं पाण्यातून वापस आणली त्याचं अंग धुवाचं. ह्या मशीननं माह्या भावाले वापस ठेवलं, अन मी अजून त्याले पाह्यलं बी नाई. माह्या डब्यातली हळद देली मी, पितळी गडवा देला, अन गेटातल्या वॉचमनले चहा पाजून तिच्यासंगं आत बी गेली. सणाच्या दिवशी कोणी अडवत नाई.

भट्टीच्या तोंडाशी खेकडा उभा होता. झिंगूची टोळी होती, श्रावण होता, दोन साहेब होते. प्रेमिलानं खेकड्याच्या पायाले कुंकू लावलं, हात जोडले, अन तिच्या डोळ्याले पाणी आलं. श्रावण हासला. म्हणे, पाहा रे, माही बहीण लोखंडाच्या पाया पडून राह्यली. पण त्यानं बी पायातली चप्पल काढली. मंग तिनं गडवा उचलला.

खुशाल पुढं झाला. मी त्याचं तोंड पाह्यलं होतं. त्याले नाई म्हणाचं होतं, ते दिसत होतं. पण पोटुशी बायको, सणाचा दिवस, सारे पाहून राह्यले, अन ते रडून राह्यली. तो हळूच म्हणे, थोडंसं टाक, समोरून टाक. तिनं डोंग्याच्या नाकावरून टाकतात तसं, वरून, भरलेला गडवा पुरा रिकामा केला. पिवळं पाणी पेटीवरून खाली वाहून गेलं. टोळीतल्यायनं देवाचं नाव घेतलं. खुशालनं फडकं घेतलं अन वरून वरून पुसलं. पेटी खोलाची होती, बाप्पा. पण तिच्यादेखत खोलली असती तर तिनं विचारलं असतं काऊन खोलता, अन साहेब घड्याळ पाहून राह्यला होता. मशीन सुरू झालं. चांगलं चाललं बी. तो दिवस गेला, त्याले वाटलं निभलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेकडा भट्टीच्या पार आत, मधोमध, हात वर करून थांबला. ना मागं, ना पुढं.

खुशाल बॅटरी घेऊन आत शिरला. अर्ध्या विटा फुटलेल्या, अर्ध्या लटकून राह्यलेल्या. त्यानं पेटीचं झाकण खोललं. धगीनं आत वाफ झाली होती, अन तारेच्या टोका-टोकावर हळद बसली होती. पिवळी धमक. त्यानं अंगातला सदरा काढला अन पुसाले बसला. बाहेर आवाज देला, दुपार टळेपर्यंत वेळ द्या, मशीन सुरू करून देतो, कोणाले आत पाठवू नका. साहेबानं ऐकलं नाई. भट्टी एक दिवस उशिरा पेटली तर वरून बोलणं त्याले खा लागते. त्यानं झिंगूले बोलावलं अन दुप्पट मजुरी बोलला.

श्रावण सगळ्यात पुढं होता. केबल खाली ठेवली अन ब्रेकर उचलला. झिंगूनं त्याले म्हटलं म्हणे, का तुहा हात वर जात नाई, तू काऊन येतो. तर तो म्हणे, माहा भाटवा आत आहे. लटकलेल्या विटा पहिले पाडल्या नाई तर त्याच्याच डोक्यावर येतीन. आता हे मले झिंगूनं मंग सांगतलं, अन झिंगू खोटं बोलणारा माणूस नाई. श्रावण दुप्पट मजुरीसाठी गेला असं गावात म्हणतात. म्हणू द्या.

तो खुशालपर्यंत पोचला. दोघं बोलले बी असतीन काई, खुशाल ते सांगत नाई. श्रावणनं ब्रेकर लावला, त्याचा हात वर पुरेना म्हणून तो थोडा पुढं सरकला, अन वरचं अस्तर एकसाथ खाली आलं. खुशाल खेकड्याच्या हाताखाली होता, म्हणून वाचला. लोखंडावर विटा पडल्या अन त्याले खरचटलं बी नाई. श्रावणले काढलं तवा तो बोलत नोता. चंद्रपूरले नेता नेता रस्त्यात गेला.

संध्याकाळी खुशाल माह्या मोरीपाशी बसून सदरा धूत होता. मी जवळ गेली. रक्त असन, म्हणून मी बादली घेऊन गेली होती. रक्त नोतं, हळद होती. जलमभर चुलीपाशी राह्यली मी, हळदीचा डाग मले कोणी सांगा लागत नाई. त्यानं वर पाह्यलं अन त्याले समजलं का मले समजलं. मी बादली खाली ठेवली अन मोरीच्या काठावर बसली. आतल्या खोलीत प्रेमिला भिंतीवर डोकं आपटून राह्यली होती, बाया तिले धरून होत्या.

तिनं त्याले एकच विचारलं. मशीन काऊन बंद पडलं? साऱ्यायच्या समोर विचारलं. तो म्हणे, तेलाचा पाइप फुटला. जुना झाला होता, मी बदलला नाई. माही चूक.

मी तोंड उघडलं होतं. हळदीचं नाव माह्या जिभेवर आलं होतं. पण त्यानं माह्याकडं असं पाह्यलं का मी पदर तोंडात धरला.

मंग जे झालं ते पाहा. मार्कंड्यात श्रावणच्या बायकोनं, कमळानं, खुशालच्या अंगावर राख फेकली. तेराव्याले त्याले पंगतीत बसू देलं नाई. ज्यानं चार वर्स साळ्याले जपलं, त्याले गाव म्हणाले लागलं का ह्यानं आळस केला अन बायकोचा भाऊ खाल्ला. प्रेमिला माहेरीच राह्यली, तिथीच बाळंत झाली. पोट्टी झाली, दिव्यानी नाव ठेवलं. खुशाल पाहाले गेला तर त्याले अंगणातून वापस पाठवलं. तो माह्याकडं येऊन जेवला अन सरळ कामावर गेला. भजन तर त्यानं सोडूनच देलं होतं.

मले राहवेना. एक दिवस मी साफ सांगतलं, का उद्या मी मार्कंड्याची बस धरून राह्यली, अन प्रेमिलाले खरं काय ते सांगून येतो. किती दिवस शिव्या खाशीन तू? त्यानं ताट सारलं. हळूच म्हणे,

"बाई, तिनं भावाले वाचवाले पाणी टाकलं होतं. हे तिले समजलं तर ते जगन का? मले शिव्या देऊन देऊन ते भाकर तरी खाते."

मी म्हटलं, अन तू? तो म्हणे, माही चूक आहेच ना. पेटी मी खोलली नाई. माहा जीव इतका जळला का मी त्याच्यावरच ओरडली, का ऊठ, हात धू, अन पुन्हा माह्या टावेलाले हात लावशीन तर पाह्य. त्यानं टावेलाले हात लावला नाई. तवापासून तो आपला रुमाल आणते.

दीड-दोन वर्सानं प्रेमिला वापस आली. कोणी समजावलं नाई, स्वतःच आली, पोट्टीले कडेवर घेऊन. आता ते गेटाच्या तिकडच्या चाळीत राह्यतात. संसार करते, डबा भरते, बोलते कामापुरतं. मशीन अजून तेच आहे. रबर मात्र नवं आलं, श्रावण गेल्यावर आठच दिवसात आलं. इतके दिवस ते नागपुरात कुठी पडून होतं कोणास ठाऊक. अन शटडाउन लागला का खुशाल आता त्या मशीनपासून हलत नाई. जेवण मी तिथी पाठवतो.

हे झालं. आता मी हे आजच काऊन सांगून राह्यली ते ऐका.

परवा दसरा झाला. मी सोनं द्याले त्यायच्या चाळीत गेली होती. खुशाल अंगणात फटफटी धूत होता. दिव्यानी आता चार वर्साची होईन, तिच्या हातात छोटा गडवा, अन त्यात हळदीचं पाणी. कोणी शिकवलं असन? मायनंच. ते पोट्टी टाचा वर करून फटफटीच्या टाकीवर पाणी टाकून राह्यली होती, अन खुशाल तिच्या हाताखाली आपला हात धरून उभा होता. त्याचं तोंड मले पाहवेना.

प्रेमिला दारात उभी होती. पोट्टीले म्हणे, पूर्ण टाक बाई, थोडं ठेवू नको. मंग नवऱ्याकडं पाह्यलं. इतक्या वर्सात तिनं त्या दिवसाचं नाव काढलं नोतं, निदान माह्यासमोर तरी नाई.

म्हणे, "त्या खेकड्याले माहं पाणी कमी पडलं. मोठा गडवा मागाले पायजे होता मी. मले रोज वाटते, तुमच्यावर दोष कायले घालू, कमी मीच टाकलं."

खुशालच्या हातातलं फडकं तसंच राह्यलं. मले वाटलं आता हा बोलते. तो चार वर्स गावच्या शिव्या खाऊन बसला होता, का हिच्या मनाले बोचू नये. अन हे बाई चार वर्सापासून स्वतःलेच खाऊन राह्यली होती. अन आता खरं सांगाव तरी कसं?

तो खाली बसला, फटफटीचं चाक पुसाले लागला, अन तिच्याकडं न पाहता म्हणे, "नाई. तुह्या पूजेत काई कमी नोती."

ती रडाले लागली. मी तिच्या हातात आपट्याचं पान देलं अन घरी निघून आली. रस्ताभर मले काई दिसलं नाई. चूल पेटवली, कणीक मळाले घेतली, अन हळदीचा डबा पार वरच्या फळीवर, मागं ठेवून देला. आता लागला का स्टूल घ्या लागते. घ्या लागू द्या.